वाहनांतील बारीक विद्युत् तारा

वाहनांतील बारीक विद्युत् तारा : मोटारगाडी, व्हॅन, टेंपो यांसारख्या वाहनांच्या अल्पदाब एकदिश विद्युत् मंडलांत थोडा प्रवाह वाहून नेण्यासाठी वापरण्यात येणाऱ्या कमी जाडीच्या तारा. ज्या तारेतील तांब्याच्या संवाहकाचा काटच्छेद १ चौ. मिमी. किंवा त्याहून कमी असतो, तिला या संदर्भात सामान्यतः बारीक तार म्हणतात. दर्शक दिवे, मापके, अभिचालित्राची (रिलेची) वेटोळी, संवेदक, आतील लहान दिवे, ध्वनिक्षेपक व संदेशवहनाची मंडले यांत अशा तारा असतात. तारेची जाडी तिच्यातून वाहणारा प्रवाह, तिची लांबी व तिच्याभोवतीचे तापमान यांवरून ठरते. तिला जोडलेले उपकरण किती महत्त्वाचे आहे यावरून ती ठरत नाही. हे लक्षात घेऊन योग्य ठिकाणी वापरलेली बारीक तार तांबे, वजन व जागा वाचविते. भलत्या ठिकाणी वापरलेली तीच तार दिवे मंद करते आणि प्रसंगी वाहनाला आग लावते.

वाहनातील विद्युत् पुरवठा : मोटारगाड्या, व्हॅन व लहान टेंपो यांत १२ व्होल्ट, तर मोठे मालट्रक व बसगाड्या यांत २४ व्होल्ट दाबाची पद्धत रूढ आहे. १२ व्होल्टच्या शिसे-अम्ल विद्युत् घटमालेत (बॅटरीत) सहा घट एकसरीत जोडलेले असतात. पूर्ण भारित व विश्रांत स्थितीत तिचा दाब सु. १२·६ व्होल्ट असतो. एंजिन चालू असताना प्रत्यावर्तक घटमाला भारित करीत असतो व त्या वेळी दाब सु. १४ व्होल्टपर्यंत चढतो. पूर्वीच्या गाड्यांत या कामासाठी एकदिश जनित्र म्हणजे डायनामो असे.

बहुतेक वाहनांत घटमालेचे ऋण अग्र वाहनाच्या सांगाड्यास जोडलेले असते. उपकरणाकडे प्रवाह नेण्यास एक तार पुरते. परतीचा मार्ग लोखंडी सांगाड्यातून मिळतो. यास कारागीर ‘अर्थ’ किंवा ‘बॉडी अर्थ’ म्हणतात. या पद्धतीमुळे तारांची संख्या जवळजवळ निम्म्याने कमी होते. मात्र पुरवठ्याच्या तारेचे वेष्टन कोठेही खरचटून आतील तांबे सांगाड्यास टेकले, तर तेथेच मंडलसंक्षेप (शॉर्ट सर्किट) होतो.

घरातील २३० व्होल्टच्या प्रत्यावर्ती पुरवठ्याशी तुलना केल्यास अल्पदाब मंडलाचे वेगळेपण स्पष्ट होते. ६० वॉटच्या घरगुती दिव्यास सु. ०·२६ अँपि. प्रवाह लागतो. तितक्याच शक्तीच्या १२ व्होल्टच्या दिव्यास ५ अँपि. लागतात, म्हणजे प्रवाह सु. १९ पट होतो. तारेत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. त्यामुळे ‘बारा व्होल्टला काय होणार’ हा समज घातक ठरतो. या दाबाने मनुष्यास सहसा विजेचा धक्का बसत नाही, पण तार तापून पेट घेण्याचा धोका घरातील मंडलापेक्षा कमी नसतो.

मोरगाव परिसरातील वाहने : या विषयाचे व्यावहारिक महत्त्व यात्रेकरूंची ने-आण करणाऱ्या वाहनांत चांगले दिसते. पुणे जिल्ह्याच्या बारामती तालुक्यात कऱ्हा नदीकाठी वसलेले मोरगाव हे अष्टविनायकांपैकी मयूरेश्वराचे स्थान होय. अष्टविनायकांची यात्रा मोरगावपासून सुरू करून तेथेच संपविण्याचा प्रघात आहे. या वाटेवर थेऊर, सिद्धटेक, रांजणगाव, ओझर, लेण्याद्री, महड व पाली ही स्थाने येत असल्याने पुणे, अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) व रायगड अशा तीन जिल्ह्यांतून प्रवास होतो. त्यात पठारावरील धुळीचे रस्ते येतात, तसेच कोकणात उतरणारा घाटही येतो. भाद्रपद व माघ शुद्ध चतुर्थीच्या सुमारास मोरगावला मोठी गर्दी होते व अनेक वाहने रात्रीही रस्त्यावर असतात.

अशा वाहतुकीत पुणे परिसरातच तयार झालेल्या गाड्यांचा वाटा मोठा आहे. पुण्याच्या बजाज टेंपो कंपनीने १९६९ मध्ये मॅटाडोर ही व्हॅन बाजारात आणली व १९८७ मध्ये ट्रॅव्हलर ही अधिक मोठी गाडी आणली. २००५ मध्ये या कंपनीचे नाव फोर्स मोटर्स असे झाले. मॅटाडोरचे उत्पादन पुढे बंद झाले. बारामतीच्या औद्योगिक क्षेत्रात पियाज्जो कंपनीचा तीनचाकी वाहनांचा कारखाना आहे. वाहनांच्या तारांचे उत्पादनही पुण्यात पूर्वीपासून होते. १९५८ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या फिनोलेक्स या कंपनीने आरंभी मोटारगाड्यांसाठी पॉलिव्हिनिल क्लोराइडाचे (पीव्हीसीचे) वेष्टन असलेल्या तारा बनविल्या. मोटारवाहनांच्या तारांसाठी आयएस २४६५ हे भारतीय मानक असून वाहने व त्यांचे भाग यांच्या चाचण्या पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया (स्थापना १९६६) या संस्थेत होतात.

कारखान्यातून निघताना वाहनाचा तारसंच (वायरिंग हार्नेस) ठराविक भारासाठी आखलेला असतो. पुढे मालक त्यात भर घालतो : देव्हाऱ्यातील दिवा, छताखालील दिव्यांच्या माळा, पंखे, ध्वनिक्षेपक, चित्रपट दाखविणारा पडदा, भ्रमणध्वनी भारित करण्याच्या जोडण्या, जादा भोंगा आणि धुक्यातील दिवे. यांतील काही उपकरणांना बारीक तार अगदी योग्य असते, तर काहींना ती मुळीच चालत नाही. दोघांतील फरक डोळ्यांना दिसत नाही. तो आकडेमोडीनेच कळतो.

मापन व रचना : तारेची जाडी सांगण्याच्या तीन पद्धती व्यवहारात आढळतात. ब्रिटिश मानक मापात (एसडब्ल्यूजी) क्रमांक जितका मोठा तितकी तार बारीक. १८ क्रमांकाची तार १·२२ मिमी., २० क्रमांकाची ०·९१ मिमी. व २२ क्रमांकाची ०·७१ मिमी. व्यासाची असते. अमेरिकन मापातही (एडब्ल्यूजी) क्रमांक याच रीतीने वाढतात, पण दोन्ही मापे एक नव्हेत. अमेरिकन २० क्रमांकाच्या तारेचा व्यास ०·८१ मिमी. व काटच्छेद सु. ०·५२ चौ. मिमी. असतो, तर ब्रिटिश २० क्रमांकाचा काटच्छेद सु. ०·६६ चौ. मिमी. भरतो. आयात केलेल्या उपकरणाच्या माहितीपत्रकातील क्रमांक वाचून तार घेताना यामुळे चूक होऊ शकते. तिसरी व सर्वांत निःसंदिग्ध पद्धत म्हणजे काटच्छेद चौ. मिमी.मध्ये सांगणे.

वाहनातील तार बहुपेडी असते. तिची रचना पेडांची संख्या व एका पेडाचा व्यास यांनी दर्शवितात. उदा., १६/०·२० म्हणजे ०·२० मिमी. व्यासाचे १६ पेड (सु. ०·५ चौ. मिमी.), ९/०·३० म्हणजे सु. ०·६५ चौ. मिमी., १४/०·३० म्हणजे सु. १ चौ. मिमी. आणि २८/०·३० म्हणजे सु. २ चौ. मिमी. घरगुती जोडकामातील एकपेडी तार वाहनात वापरीत नाहीत. एंजिनाच्या व रस्त्याच्या सततच्या कंपनांमुळे एकच जाड पेड वाकून वाकून थकतो व तुटतो. अनेक बारीक पेड मात्र लवचिक राहतात.

वेष्टनासाठी बहुधा पॉलिव्हिनिल क्लोराइड वापरतात. घरगुती तारेचे साधे वेष्टन संवाहकाच्या सु. ७०° से. तापमानापर्यंत टिकेल असे असते. वाहनांच्या तारांसाठी ८५° से., १००° से., १२५° से. अशा चढत्या तापमानांच्या श्रेणी ठरविलेल्या असून एंजिनाजवळील भागात वरच्या श्रेणीची तार लागते. तेल, डीझेल व घर्षण यांस वेष्टनाने तोंड देणेही आवश्यक असते.

रोध व विद्युत् दाबातील घट : २०° से. तापमानास तांब्याची १ चौ. मिमी. काटच्छेदाची १ मी. लांब तार सु. ०·०१७२ ओहम रोध दर्शविते. काटच्छेद निम्मा झाला की रोध दुप्पट होतो व लांबी दुप्पट केली तरीही तो दुप्पट होतो. त्यानुसार ०·५ चौ. मिमी.च्या तारेचा रोध दर मीटरला सु. ०·०३४ ओहम, ०·७५ चौ. मिमी.च्या तारेचा सु. ०·०२३ ओहम व २·५ चौ. मिमी.च्या तारेचा सु. ०·००७ ओहम येतो. प्रवाह व रोध यांचा गुणाकार म्हणजे तारेतच खर्ची पडणारा दाब. घरातील २३० व्होल्टांपैकी १ व्होल्ट कमी झाल्यास ते जाणवत नाही. १२ व्होल्टांपैकी १ व्होल्ट गेल्यास उपकरणापर्यंत सु. ९२ टक्केच दाब पोहोचतो.

याचा परिणाम तंतूच्या दिव्यावर विशेष होतो. त्याचा प्रकाश दाबाच्या सु. ३·४ या घाताच्या प्रमाणात बदलतो. ५५ वॉटच्या दोन पुढील दिव्यांना मिळून सु. ९·२ अँपि. प्रवाह लागतो. घटमालेपासून चालकाजवळील स्विचातून दिव्यापर्यंत तारेची लांबी ५ मी. असून तार २·५ चौ. मिमी.ची असल्यास दाबातील घट सु. ०·३ व्होल्ट होते व प्रकाश सु. ९ टक्के कमी पडतो. तीच तार १ चौ. मिमी.ची असल्यास घट सु. ०·८ व्होल्ट होऊन सु. एक-पंचमांश प्रकाश जातो. ०·५ चौ. मिमी.च्या तारेत घट सु. १·६ व्होल्टपर्यंत जाते व एकतृतीयांशाहून अधिक प्रकाश नाहीसा होतो. घाटातील वळणावर हा फरक जीवनमरणाचा ठरू शकतो. दिवा मंद पडल्यावर पुष्कळदा अधिक वॉटचा दिवा बसविला जातो. त्यामुळे प्रवाह व घट दोन्ही वाढतात, तार अधिक तापते आणि दोष मुळापासून दूर होत नाही.

उपयोग : (१) अभिचालित्राचे नियंत्रण. बारीक तारेचा सर्वांत उपयुक्त वापर अभिचालित्राच्या वेटोळ्यास प्रवाह पुरविण्यासाठी होतो. अभिचालित्र हा विद्युत् चुंबकाने चालणारा स्विच होय. त्याच्या वेटोळ्याचा रोध सु. ८० ते १०० ओहम असल्याने त्याला १२ व्होल्टला ०·१२ ते ०·१५ अँपि. एवढाच प्रवाह लागतो. वरील उदाहरणातील ५ मी. लांबीची ०·५ चौ. मिमी.ची तार चालकाच्या स्विचापासून अभिचालित्रापर्यंत नेली, तर तिच्यातील घट सु. ०·०३ व्होल्टच होते. दिव्यांचा मोठा प्रवाह मात्र घटमालेपासून वितळतार (फ्यूज) व अभिचालित्र यांतून आखूड व जाड तारेने थेट दिव्यांकडे जातो. यामुळे दिवे प्रखर होतात व चालकाच्या स्विचाची संपर्काग्रेही जळत नाहीत. जर्मन मानकानुसार अभिचालित्राच्या अग्रांवर क्रमांक असतात : ८५ व ८६ ही वेटोळ्याची, ३० हे पुरवठ्याचे व ८७ हे उपकरणाकडे जाणारे अग्र होय. बारीक तारा पहिल्या दोहोंस व जाड तारा उरलेल्या दोहोंस जोडतात. भोंगा, धुक्यातील दिवे, पंखे व डीझेल एंजिनातील तापक गुडद्या यांसाठी हीच योजना करतात. वेटोळ्याचा प्रवाह तोडताच त्यात क्षणभर उच्च दाब प्रवर्तित होतो. नियंत्रण इलेक्ट्रॉनीय साधनाने होत असल्यास त्याच्या संरक्षणासाठी वेटोळ्याला समांतर द्विप्रस्थ जोडतात.

(२) मापके व इशारादर्शक. इंधनाची पातळी, एंजिनाचे तापमान व वंगण तेलाचा दाब दाखविणाऱ्या मंडलांत प्रवाह अत्यल्प असतो. फलकावरील १·२ ते २ वॉटच्या दिव्यास ०·१ ते ०·१७ अँपि. पुरतो. या सर्वांस ०·५ चौ. मिमी.ची तार पुरेशी असते. मागील ५ वॉटच्या दिव्यास सु. ०·४ अँपि. व वळण दाखविणाऱ्या २१ वॉटच्या दिव्यास १·७५ अँपि. लागतो. ५ मी. लांबीच्या ०·७५ चौ. मिमी.च्या तारेत या दुसऱ्या दिव्यासाठी होणारी घट सु. ०·२ व्होल्ट असल्याने तीही चालते.

(३) आतील प्रकाश. प्रकाश उत्सर्जक द्विप्रस्थ (एलईडी) आल्यापासून बारीक तारेचे क्षेत्र वाढले आहे. ५ वॉटच्या सहा तंतुदीपांना मिळून २·५ अँपि. लागत, साधारण तेवढ्याच प्रकाशासाठी प्रत्येकी १ वॉटचे सहा द्विप्रस्थ दिवे ०·५ अँपि.वर चालतात. यात्रेकरू दर्शनास गेल्यावर एंजिन बंद करून गाडी चार तास उभी राहिली, तर पहिल्या योजनेत घटमालेतून १० अँपि.-तास व दुसऱ्या योजनेत २ अँपि.-तास एवढाच भार खर्च होतो. सुट्या द्विप्रस्थाला मालिकेत रोधक लावावा लागतो. १४ व्होल्ट दाब, द्विप्रस्थावरील २ व्होल्ट व २० मिलिअँपि. प्रवाह धरल्यास रोधक ६०० ओहम येतो. व्यवहारात त्याच्या वरचा ६८० ओहम व अर्ध्या वॉटचा रोधक घेतात.

(४) दाब व प्रवाह यांचे मापन. व्होल्टमापकाचा स्वतःचा रोध मोठा असल्याने त्याच्या तारेतून जवळजवळ प्रवाहच जात नाही. म्हणून घटमालेच्या अग्रांपासून थेट मापकापर्यंत नेलेली स्वतंत्र बारीक तार जाड पुरवठा तारेहून खरा आकडा दाखविते. मोठा प्रवाह मोजण्यासाठी ज्ञात रोधाची पट्टी (शंट) मंडलात बसवितात. उदा., १०० अँपि. प्रवाहास पट्टीच्या टोकांमध्ये ५० मिलिव्होल्ट दाब निर्माण होत असल्यास केवळ दोन बारीक तारा तो संकेत फलकावरील मापकापर्यंत नेतात. १०० अँपि.ची जाड तार चालकाच्या समोर आणावी लागत नाही. घटमालेपासून निघणाऱ्या अशा मापनतारेच्या उगमापाशीही १ ते ३ अँपि.ची वितळतार आवश्यक असते.

(५) संदेशवहन. आधुनिक वाहनांत एंजिन, गतिरोधक व फलक यांची नियंत्रक साधने परस्परांस माहिती पाठवितात. बॉश या जर्मन कंपनीने १९८६ मध्ये जाहीर केलेल्या ‘कॅन’ या पद्धतीत पिळलेल्या दोन बारीक तारांची जोडी सर्व नियंत्रकांस जोडते व तिच्या दोन्ही टोकांस १२० ओहमचे रोधक असतात. तारा एकमेकींभोवती पिळल्याने बाहेरील चुंबकीय क्षेत्राचा उपद्रव दोहोंवर सारखा होऊन तो वजा होतो. ही जोडी मधेच कापून तिच्यावरून दिवा किंवा भोंगा चालविण्याचा प्रयत्न केल्यास सर्व वाहनाचे नियंत्रण बिघडू शकते.

(६) वेटोळी व वितळदुवा. लाखेचे वेष्टन दिलेली अतिशय बारीक तार अभिचालित्रे, मापके, काचपुसणीची चलित्रे व प्रत्यावर्तक यांच्या वेटोळ्यांत असते. संरक्षणासाठीही तार मुद्दाम बारीक ठेवतात. घटमालेपासून निघणाऱ्या मुख्य तारेच्या आरंभी तिच्यापेक्षा अमेरिकन मापात चार क्रमांकांनी बारीक असा आखूड तुकडा, न पेटणारे वेष्टन देऊन, काही वाहनांत जोडतात. मोठा दोष उद्भवल्यास हा तुकडा वितळून बाकीचा तारसंच वाचवितो.

वितळतार व सुरक्षितता : वितळतारेची योजना मुख्यतः तारेच्या संरक्षणासाठी असते. म्हणून तिचे मूल्य त्या मंडलातील सर्वांत बारीक तारेस झेपेल इतकेच असावे लागते आणि ती पुरवठ्याच्या उगमाजवळ बसवावी लागते. उपकरणाजवळ बसविल्यास घटमालेपासून तिथपर्यंतची तार असंरक्षित राहते. सर्वसाधारणपणे ०·५ चौ. मिमी.च्या तारेस ५ अँपि., १ चौ. मिमी.च्या तारेस १० अँपि. व १·५ चौ. मिमी.च्या तारेस १५ अँपि. एवढी मर्यादा सुरक्षित मानतात. जुडग्यात अनेक तारा एकत्र तापत असल्यास ही मर्यादा आणखी उतरवावी लागते. पात्यांच्या आधुनिक वितळतारांचे मूल्य रंगावरून ओळखतात : फिकट तपकिरी ५ अँपि., तपकिरी ७·५ अँपि., लाल १० अँपि., निळा १५ अँपि., पिवळा २० अँपि. व हिरवा ३० अँपि.

संरक्षण नसल्यास काय घडते ते पुढील हिशेबावरून दिसते. ०·५ चौ. मिमी.च्या तारेतून ५ अँपि. प्रवाह जात असता दर मीटरला ०·९ वॉटपेक्षा कमी उष्णता निर्माण होते व ती सहज निघून जाते. ३० अँपि. प्रवाहास हीच उष्णता ३६ पट म्हणजे सु. ३१ वॉट होते व वेष्टन मऊ पडून वितळू लागते. या तारेच्या ३ मी. लांबीच्या टोकाशी मंडलसंक्षेप झाल्यास तिचा रोध सु. ०·१ ओहमच असल्याने १०० अँपि.च्या आसपास प्रवाह वाहतो व तारेत हजार वॉटपेक्षा अधिक उष्णता निर्माण होते. तारेतील तांब्याचे वजन १४ ग्रॅमहूनही कमी असल्याने तिचे तापमान सेकंदाला शंभराहून अधिक अंशांनी चढते. वेष्टन जळताना गुदमरविणारा हायड्रोजन क्लोराइड वायू बाहेर पडतो. तार आसनांखालून किंवा छताच्या कापडामागून गेलेली असल्यास आग दिसण्यापूर्वीच पसरलेली असते. प्रवाशांनी भरलेल्या व एकच सरकते दार असलेल्या व्हॅनमध्ये बाहेर पडण्यास फार थोडा अवधी मिळतो. योग्य मूल्याची ५ अँपि.ची वितळतार मात्र अशा प्रवाहास सेकंदाच्या अल्पांशात वितळते.

वारंवार वितळतार जाते म्हणून तिच्या जागी अधिक मूल्याची वितळतार, तांब्याचा पेड किंवा सिगारेटच्या वेष्टनातील चंदेरी कागद बसविण्याची रीत अनेक ठिकाणी आढळते. असे केल्याने तारच वितळतारेचे काम करू लागते व ती कोठे जळेल हे कोणास सांगता येत नाही. वितळतार जाणे हे मंडलात दोष असल्याचे चिन्ह असून दोष शोधणे हाच त्यावरील उपाय होय.

जोडणी व निगा : बारीक तार वापरताना तिच्या यांत्रिक दुर्बलतेचा विचार करावा लागतो. ०·५ चौ. मिमी.हून बारीक तार एकटी लोंबती ठेवीत नाहीत. ती जुडग्यात गुंफून सुमारे प्रत्येक वीत अंतरावर बांधतात. पत्र्याच्या भोकातून जाताना तिला रबरी कडे घालतात. टोकास थिंबल पक्कडीने दाबून बसवितात. नुसत्या डाखाने जोडलेली तार डाख संपतो तेथे कडक होते व कंपनांनी तेथेच तुटते. दोन तारांची टोके पिळून त्यांवर चिकटपट्टी गुंडाळण्याची पद्धत तात्पुरती समजावी. उन्हाळ्यात पट्टी सुटते, सांध्यात धूळ व ओल शिरते आणि सांध्याचा रोध वाढून तो तारेपेक्षाही अधिक तापतो. सांगाड्यावरील ‘अर्थ’चा सांधा रंग खरवडून, गंज काढून घट्ट करावा लागतो. तो सैल असल्यास एका दिव्याचा प्रवाह दुसऱ्या दिव्याच्या तंतूतून परतीची वाट शोधतो आणि वळणाचा दिवा लावताच मागचा दिवाही मिणमिणू लागतो.

बारामती व इंदापूर या तालुक्यांच्या कालव्याखालील ऊसपट्ट्यात शेताजवळ उभ्या केलेल्या वाहनांत उंदीर व घुशी शिरून तारांची वेष्टने कुरतडतात. बारीक तारेचे वेष्टन पातळ असल्याने ती प्रथम बाधते. म्हणून अशा तारा पन्हळी नळीतून नेतात आणि हंगामात जुडग्याची तपासणी करतात. जादा उपकरण बसविताना पुढील दिव्यांच्या तारेस मधेच टोचून प्रवाह घेण्याऐवजी घटमालेजवळून स्वतंत्र वितळतार असलेली तार घेणे श्रेयस्कर ठरते. उपकरणाचे वॉट १२ ने भागून प्रवाह काढणे, जाण्यायेण्याची लांबी मोजणे, घट ३ टक्क्यांच्या म्हणजे सु. ०·३६ व्होल्टच्या आत येईल अशी तार निवडणे व त्या तारेस साजेशी वितळतार बसविणे, या चार गोष्टींत सर्व गणित संपते.

नवीन प्रवृत्ती : वाहनांतील इलेक्ट्रॉनीय साधने वाढल्याने तारांची एकूण लांबी वाढली, पण त्यांतील बहुतेक साधनांस लागणारा प्रवाह मात्र थोडा आहे. त्यामुळे तांब्याच्या मिश्रधातूची ०·१३ चौ. मिमी.पर्यंत बारीक तार कारखान्यात बनणाऱ्या तारसंचांत वापरली जाऊ लागली आहे. विद्युत् घटमालेवर चालणाऱ्या अनेक तीनचाकी वाहनांत मुख्य चलित्र ४८ व्होल्टवर चालते व दिवे, भोंगा इत्यादींसाठी दाब १२ व्होल्टपर्यंत उतरवितात. ४८ व्होल्टला तेवढ्याच शक्तीसाठी प्रवाह एकचतुर्थांश होतो, म्हणून तार बारीक चालते. परंतु मंडलसंक्षेप झाल्यास पडणारी ठिणगी अधिक तीव्र असते आणि १२ व्होल्टसाठी बनविलेली वितळतार तेथे उपयोगी पडेलच असे नसते. दाब व तंत्र बदलले, तरी प्रवाह मोजून तार व तारेस अनुरूप वितळतार निवडण्याचा नियम कायम राहतो.